दुर्बीण हाती घेण्यापूर्वी : एंडोस्कोपीच्या सघन प्रशिक्षणाचा अनुभव

जठरातील व्रण, अन्ननलिकेतील गाठ, मोठ्या आतड्यातून होणारा रक्तस्राव अशा अनेक विकारांचे निदान आज पोटावर छेद न घेता, केवळ दुर्बिणीच्या साहाय्याने होऊ शकते. एंडोस्कोपी या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नित्याची झाली आहे. तपासणीला सामोरा जाणारा रुग्ण खर्च किती येईल, त्रास होईल का, अहवाल कधी मिळेल, असे प्रश्न आवर्जून विचारतो. ही दुर्बीण ज्यांच्या हाती असेल त्या डॉक्टरांनी ती चालवण्याचे कौशल्य कोठे आणि कसे संपादन केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक, तपासणीचा निष्कर्ष आणि रुग्णाची सुरक्षितता या दोन्ही बाबी बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न दोन दशकांपूर्वी ऐरणीवर आला आणि त्यातून प्रशिक्षणाची संपूर्ण व्यवस्थाच बदलली. तेथे रुजलेली सघन प्रशिक्षणाची पद्धत, तीतून जाणाऱ्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरचा अनुभव आणि भारताच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा हा आढावा.

प्रकाशतंतूपासून दुर्बिणीपर्यंत

या उपकरणाच्या जन्मकथेत एका भारतीयाचा मोलाचा वाटा आहे. पंजाबमधील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. काचेच्या अत्यंत बारीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावरून प्रेरणा घेऊन अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचिक दुर्बीण तयार केली आणि १९५७ साली तिची पहिली चाचणी स्वतःवरच घेतली. पुढे १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी मोठ्या आतड्यातील पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणारे मांसल कोंब, दुर्बिणीतूनच काढण्याचे तंत्र विकसित केले. यांपैकी काही प्रकारचे कोंब कालांतराने कर्करोगात रूपांतरित होत असल्याने केवळ निदान करणारे हे उपकरण कर्करोगाला प्रतिबंध करणारेही ठरले.

आजच्या दुर्बिणीत काचतंतूंऐवजी टोकाशी सूक्ष्म कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसते. जठराच्या तपासणीची दुर्बीण साधारण एक मीटर लांब असते. मोठ्या आतड्याची, म्हणजे कोलोनोस्कोपीची दुर्बीण त्याहून बरीच लांब व किंचित जाड असते. मुठीवरील दोन चाकांपैकी मोठे चाक टोक वर-खाली वळवते, तर लहान चाक डावी-उजवीकडे. हवा व पाणी सोडण्यासाठी एक आणि आतील द्रव शोषून घेण्यासाठी दुसरे, अशी दोन बटणे मुठीवर असतात. रचना अशी वरकरणी सोपी आहे. मात्र डाव्या हाताने चाके व बटणे, उजव्या हाताने दुर्बिणीची नळी आणि डोळ्यांनी पडदा, असे तिहेरी अवधान एकाच वेळी राखताना नवशिक्या डॉक्टरची अक्षरशः तारांबळ उडते.

डोळे उघडणारी पाहणी

अनेक वर्षे एंडोस्कोपी शिकण्याची रीत जगभर सारखीच होती. ज्येष्ठ डॉक्टरांच्या शेजारी उभे राहायचे, काही तपासण्या पाहायच्या, काही त्यांच्या देखरेखीखाली करायच्या आणि मग स्वतंत्रपणे कामाला लागायचे. या पद्धतीने नेमके काय साध्य होते, याचे मोजमाप मात्र फारसे झाले नव्हते.

इंग्लंडमध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी राष्ट्रीय चाळणी कार्यक्रम सुरू करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा आपले डॉक्टर त्यासाठी सज्ज आहेत का, हे तपासून पाहण्यात आले. ६८ केंद्रांतील ९,२२३ कोलोनोस्कोपींच्या या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोलोनोस्कोपी पूर्ण झाली असे म्हणण्यासाठी दुर्बीण मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. डॉक्टरांच्या नोंदीनुसार असे ७६.९ टक्के तपासण्यांत घडले होते. पण काटेकोर निकष लावल्यावर हे प्रमाण ५६.९ टक्क्यांवर आले. दर ७६९ तपासण्यांमागे एका रुग्णाच्या आतड्याला छिद्र पडल्याचेही आढळले.

याच पाहणीतील आणखी एक आकडा अधिक बोलका होता. आपल्या पहिल्या १०० कोलोनोस्कोपी देखरेखीखाली करण्याची संधी मिळालेले डॉक्टर केवळ १७ टक्के होते. म्हणजे बहुतेकांनी हे कौशल्य आपल्या आपणच, आणि तेही प्रत्यक्ष रुग्णांवर, आत्मसात केले होते.

पचनसंस्थेच्या एंडोस्कोपीविषयी संयुक्त सल्लागार मंडळ, म्हणजेच 'जॅग', ब्रिटनमध्ये १९९४ पासूनच अस्तित्वात होते. या पाहणीनंतरच्या काळात प्रशिक्षण केंद्रांचे जाळे, प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम, केंद्रांची मान्यता आणि मूलभूत कौशल्यांचे सघन वर्ग यांवर भर देण्यात आला. इंग्लंडचा चाळणी कार्यक्रम २००६ साली सुरू झाला. त्यानंतर २०११ साली ब्रिटनभर झालेल्या २०,०८५ कोलोनोस्कोपींच्या तपासणीत सीकमपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण ९२ टक्क्यांहून अधिक आढळले आणि आतड्याला छिद्र पडण्याचे प्रमाण ०.०४ टक्के, म्हणजे सुमारे २,५०० मध्ये एक इतके खाली आले. या सुधारणेचे सर्व श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येणार नाही. उपकरणेही या काळात सुधारली. तथापि पद्धतशीर शिक्षण आणि सातत्याने मोजमाप यांचा त्यातील वाटा मोठा मानला जातो.

वर्गातील दिवस

मूलभूत कौशल्यांचा सघन वर्ग सर्वसाधारणपणे दोन ते तीन दिवसांचा असतो. प्रशिक्षणार्थींची संख्या मुद्दाम कमी ठेवली जाते, जेणेकरून प्रत्येकाच्या हाताकडे प्रशिक्षकाला लक्ष देता यावे. सहभागी डॉक्टरांपैकी काहींनी आपापल्या रुग्णालयात काही तपासण्या केलेल्या असतात. अशा डॉक्टरांना पहिला धक्का बसतो तो दुर्बीण नुसती धरण्याला दिलेल्या वेळाचा. मूठ तळहातात कशी विसावावी, अंगठ्याने दोन्ही चाके कशी पेलावीत, तर्जनी व मधले बोट बटणांवर कसे असावे, पडदा डोळ्यांच्या पातळीत आहे का, रुग्णाच्या खाटेची उंची योग्य आहे का, याची बारकाईने तपासणी होते. लहान पंजाच्या डॉक्टरांना, विशेषतः अनेक महिला डॉक्टरांना, लहान चाकापर्यंत अंगठा पोहोचवणे जड जाते. त्यावरचे उपाय याच टप्प्यावर शिकवले जातात. चुकीची सवय एकदा हाताला जडली की पुढे मनगट, अंगठा आणि मान यांची दुखणी मागे लागतात.

त्यानंतर सराव होतो तो सिम्युलेटरवर. यात रबरी आतडे असलेली साधी प्रतिकृती, संगणकावर चालणारी आभासी प्रणाली आणि डुकराच्या जठरावर बेतलेली प्रतिकृती असे प्रकार आहेत. येथे भिंतीवर टोक आदळले तरी कोणाला इजा होत नाही. चाक कोणत्या दिशेने फिरवले की चित्र कोणत्या दिशेने सरकते, हे बोटांना समजेपर्यंत तीच कृती पुन्हा पुन्हा करता येते. या साधनांविषयी झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून निघालेला निष्कर्ष मात्र सावध आहे. प्रशिक्षणाच्या प्रारंभी सिम्युलेटर उपयुक्त ठरतो, परंतु देखरेखीखाली रुग्णांवर घेतलेल्या शिक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही. रबरी आतडे कण्हत नाही, आकसत नाही आणि त्यातून रक्तही येत नाही.

म्हणूनच वर्गाचा गाभा असतो तो प्रत्यक्ष रुग्णांच्या तपासणीचा. रुग्णांना आधी पूर्ण कल्पना देऊन त्यांची संमती घेतली जाते. एक प्रशिक्षणार्थी दुर्बीण चालवतो, प्रशिक्षक शेजारी उभा असतो आणि अनेक केंद्रांत उर्वरित प्रशिक्षणार्थी शेजारच्या दालनात पडद्यावर तीच तपासणी पाहत व ऐकत असतात. तपासणीपूर्वी दोघांमध्ये बोलणे होते. आजच्या तपासणीत नेमके कोणते एक-दोन उद्देश साधायचे, प्रशिक्षकाने दुर्बीण कधी हाती घ्यायची आणि रुग्णाला त्रास झाल्यास काय करायचे, हे आधीच ठरते. या पूर्वतयारीमुळे मधेच दुर्बीण काढून घेतली गेली, तरी तो अपमान न वाटता ठरलेल्या नियमाचा भाग वाटतो.

वेटोळ्यांचे कोडे

कोलोनोस्कोपी शिकताना प्रशिक्षणार्थीला सर्वाधिक झगडावे लागते ते वेटोळ्यांशी. मोठे आतडे ही काही सरळ नळी नव्हे. त्याचा गुदाशयानंतरचा भाग, म्हणजे सिग्मॉइड, पोटात सैल लोंबत असतो. दुर्बीण नुसती पुढे ढकलली की टोक पुढे जाण्याऐवजी मधला भागच फुगून वर येतो आणि नळीचे वेटोळे तयार होते. पडद्यावर तेव्हा विचित्र दृश्य दिसते. हात पुढे ढकलतो आहे, पण चित्र जागच्या जागी थांबले आहे, प्रसंगी मागेच सरकते आहे. आतड्याला बांधून ठेवणारा पडदा ताणला गेल्याने रुग्णाला याच क्षणी कळ येते.

नवशिक्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते ती आणखी जोर लावण्याची. सघन वर्गात सर्वप्रथम मोडली जाते ती हीच सवय. टोक पुढे जात नसेल तर थांबावे, नळी मागे घ्यावी आणि घेताना तिला बहुतांश वेळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पीळ द्यावा, म्हणजे वेटोळे सुटते आणि नळी सरळ होते. ती सरळ झाली की अनेकदा टोक आपणहून पुढे सरकते. मागे येऊन पुढे जाण्याची ही रीत ऐकायला सोपी असली, तरी पडद्यावर पुढची वाट दिसत असताना हात मागे घेणे मनाला पटत नाही. काही केंद्रांत चुंबकीय तंत्रावर चालणारा प्रतिमादर्शक वापरतात. त्यावर नळीचा आतील आकार दिसत असल्याने, हाताला जाणवणारा विरोध आणि प्रत्यक्ष वेटोळे यांचा मेळ प्रशिक्षणार्थीला स्वतः पाहता येतो.

याच्या जोडीला इतर उपायही शिकवले जातात. रुग्णाला डाव्या कुशीवरून उताणे किंवा उजव्या कुशीवर वळवले की गुरुत्वाकर्षणामुळे आतड्याची वळणे मोकळी होतात. परिचारिकेने पोटावर योग्य जागी हात दाबून धरल्यास वेटोळे बनण्यास आळा बसतो. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडल्यास तो लवकर शोषला जातो आणि तपासणीनंतर पोट फुगून राहत नाही.

जठराच्या तपासणीत अडचण वेगळी असते. तेथे अवघड क्षण येतो तो घशात. जिभेच्या मुळापासून स्वरयंत्राच्या मागून अन्ननलिकेच्या तोंडाशी जाताना जोर न लावता, डोळ्यांनी पाहत, रुग्ण गिळेपर्यंत वाट पाहावी लागते. काही सेकंदांची ही वाट पाहणे घाईत असलेल्या हाताला फार मोठे वाटते.

शिकवण्याचेही शिक्षण

या पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे प्रशिक्षकांचेही प्रशिक्षण. वर्षानुवर्षे दुर्बीण चालवणाऱ्या तज्ज्ञाचे हात आपोआप चालतात. आपण नेमके काय केले, हे त्याला सांगता येतेच असे नाही. 'असे करा' म्हणत तो दुर्बीण हाती घेतो, अडचण सोडवतो आणि परत देतो. प्रशिक्षणार्थीच्या पदरी पाहण्यापलीकडे काही पडत नाही. त्यामुळे प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात तज्ज्ञाला आपली प्रत्येक हालचाल पुन्हा जाणीवपूर्वक पाहून शब्दांत मांडायला शिकवतात. शब्दही ठरलेले असतात. 'थांबा', 'मागे घ्या', 'उजवीकडे पीळ द्या', 'मोठे चाक खाली'. आज्ञा अशी मोजकी आणि एका वेळी एकच असावी, असा दंडक असतो, कारण भांबावलेल्या डॉक्टरला लांबलचक स्पष्टीकरण ऐकूच येत नाही.

तपासणी संपल्यावर आधी प्रशिक्षणार्थीने स्वतःचे मूल्यमापन करायचे आणि नंतर प्रशिक्षकाने आपले मत मांडायचे, असा क्रम असतो. कौशल्याच्या प्रत्येक घटकावर शेरा दिला जातो आणि पुढील तपासणीसाठी एकच ठोस उद्दिष्ट ठरते. गुंगीच्या औषधाची मात्रा, रुग्णाशी संवाद, सहकाऱ्यांचे ऐकणे आणि तपासणी वेळीच थांबवण्याचा निर्णय यांचाही त्यात समावेश असतो. तपासणी अर्धवट सोडणे हा पराभव नसून काही वेळा तोच योग्य वैद्यकीय निर्णय असतो, ही गोष्ट प्रशिक्षणार्थीच्या मनावर पुन्हा पुन्हा बिंबवली जाते.

किती तपासण्यांनंतर हात बसतो?

तीन दिवसांच्या वर्गाने कोणी तज्ज्ञ होत नाही. वर्गातून मिळते ती योग्य सवय. हात बसतो तो पुढच्या सरावाने. ब्रिटनमध्ये २००९ पासून प्रशिक्षणार्थींच्या प्रत्येक तपासणीची नोंद एका राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत होते. या नोंदींच्या आधारे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९७ प्रशिक्षणार्थींच्या ३६,७३० कोलोनोस्कोपींचे विश्लेषण करण्यात आले. दहापैकी नऊ वेळा सीकमपर्यंत पोहोचण्याची पातळी गाठण्यासाठी सरासरी २३३ तपासण्या कराव्या लागल्याचे त्यातून दिसून आले.

मात्र सीकमपर्यंत पोहोचणे हे अर्धेच काम आहे. रोगाचा शोध प्रामुख्याने दुर्बीण मागे घेताना लागतो. अमेरिकेतील १२ अनुभवी तज्ज्ञांच्या कामावर आधारित २००६ सालच्या अभ्यासात, दुर्बीण मागे घेण्यास सरासरी सहा मिनिटे किंवा अधिक वेळ देणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत कर्करोगपूर्व गाठी आढळल्या; घाई करणाऱ्यांना त्या केवळ ११.८ टक्के रुग्णांत सापडल्या. अमेरिकेतच तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपींच्या २०१४ सालच्या अभ्यासानुसार, अशा गाठी शोधण्याचे डॉक्टरचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्याच्या रुग्णांना पुढे आतड्याचा कर्करोग होण्याची जोखीम सुमारे तीन टक्क्यांनी घटते. वळणाआडची किंवा घडीमागची गाठ नजरेतून निसटली, तर रुग्ण 'सर्व काही ठीक' असा अहवाल घेऊन निश्चिंत मनाने घरी जातो. ही निश्चिंतीच पुढे त्याच्या जिवावर बेतू शकते. सघन वर्गात मागे येण्याच्या प्रवासाला स्वतंत्र धडा म्हणून स्थान आहे, ते यामुळेच.

अलीकडे पडद्यावरील संशयास्पद जागा दाखवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपलब्ध झाली आहेत. त्यांचा उपयोग निर्विवाद असला, तरी त्यांवर विसंबून राहण्याचा धोकाही पुढे येत आहे. पोलंडमधील चार केंद्रांच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही साधने नित्य वापरात आल्यानंतर त्यांच्या मदतीविना केलेल्या कोलोनोस्कोपींत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरल्याचे आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने घसरणीचे कारण त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु डोळ्याची सवय टिकवण्यासाठी प्रशिक्षणाची गरज यापुढेही राहणार, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

भारताच्या दृष्टीने

भारतात पचनसंस्थेच्या विकारांचा तज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएस आणि एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम हा अतिविशेष अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय, लखनौचे एसजीपीजीआय, वेल्लोरचे सीएमसी, मुंबईचे केईएम अशा संस्थांत हे शिक्षण दिले जाते. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय लौकिक मिळवला असून तिचे संस्थापक डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ साली पद्मविभूषण जाहीर झाले.

आपल्या देशातील परिस्थिती ब्रिटनहून भिन्न आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी होते. आतड्याच्या कर्करोगाची सार्वत्रिक चाळणी येथे नाही. येथील प्रशिक्षणार्थीपुढे येणारे रुग्ण बहुधा लक्षणे घेऊन आलेले असतात. यकृताच्या विकारामुळे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झालेला रुग्ण, नाणे गिळलेले मूल, पित्तनलिकेत खडा अडकलेली महिला, असे प्रसंग मोठ्या सरकारी रुग्णालयांत नेहमी येतात. त्यामुळे भारतीय प्रशिक्षणार्थीला अनुभवाची वाण पडत नाही, ही जमेची बाजू आहे. गर्दीच्या वेळी प्रत्येक हालचाल समजावून सांगण्यास ज्येष्ठांना उसंत मिळत नाही, ही तिचीच दुसरी बाजू.

आपल्याकडे तज्ज्ञांच्या थेट प्रात्यक्षिकांच्या कार्यशाळांना मोठी उपस्थिती असते. नवे तंत्र समजून घेण्यासाठी त्या उपयुक्तच आहेत. पण सभागृहात बसून पाहणे आणि जाणकाराच्या नजरेखाली स्वतःच्या हाताने करणे यांत मूलभूत फरक आहे. पोहण्याचे प्रात्यक्षिक काठावरून कितीही पाहिले, तरी पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि उतरताना शेजारी कोणी जाणता असावा लागतो. डीएमच्या विद्यार्थ्याला आपल्या तपासण्यांची नोंदवही ठेवावी लागते. त्या नोंदीत तपासण्यांच्या संख्येबरोबर तपासणी पूर्ण झाली का, रुग्णाला किती त्रास झाला, काय सापडले, कितव्या वेळी मदत घ्यावी लागली, याचीही भर पडली, तर तीच वही शिक्षणाचे प्रभावी साधन ठरू शकते. यासाठी महागड्या यंत्रांची आवश्यकता नाही. काही दिवस राखून ठेवलेला प्रशिक्षकाचा वेळ, मोजके प्रशिक्षणार्थी आणि प्रामाणिक नोंदी एवढी सामग्री त्यास पुरेशी आहे.

रुग्णांनीही याबाबत संकोच बाळगू नये. माझी तपासणी कोण करणार, प्रशिक्षणार्थी असल्यास ज्येष्ठ डॉक्टर शेजारी असतील का, त्रास झाल्यास तपासणी थांबवता येईल का आणि कोलोनोस्कोपी असेल तर ती शेवटच्या टोकापर्यंत पूर्ण झाली का, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रशिक्षणार्थीच्या हाताला नकार देणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण आजचा प्रत्येक तज्ज्ञ कधीकाळी कोणाच्या तरी तपासणीत पहिल्यांदाच दुर्बीण हाती घेऊन उभा होता. त्या हाताशेजारी शिकवणारा जाणता हात असेल, याची खात्री देणे हे मात्र रुग्णालयांचे आणि वैद्यकीय शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे.